ऑनलाइन गेमिंग क्लब: उभारणी आणि पहिला हंगाम (प्रकल्प नोंदी)

३ जानेवारी, शनिवार: मोजमाप

गेम, सर्व्हर, नियम यांतलं काहीही ठरवण्याआधी एक मोजमाप ठरवलं: सदस्य व्हॉइस चॅनलमध्ये शिरल्यापासून प्रत्यक्ष खेळायला लागेपर्यंत किती वेळ जातो? लक्ष्य दहा मिनिटं. पुढच्या नोंदींत याला 'जोडणीवेळ' म्हटलंय.

असे क्लब बंद पडायची कारणं वरवर निरनिराळी दिसतात. कुणाला वेळ नसतो, कुणाला गेम आवडत नाही. खोलात गेलं की बहुतेकदा एकच गोष्ट निघते: माणूस आठला येतो, साडेआठपर्यंत अपडेट उतरत असतं, पावणेनऊला कुणाचा तरी माईक चालत नसतो, आणि नऊला तो उठून जातो. पुढच्या आठवड्यात तो येतच नाही आणि का आला नाही हे सांगतही नाही.

सत्राचा साचा: दर शनिवारी, ठरलेली वेळ, एकूण १२० मिनिटं. पहिली १० जोडणीला, ९० खेळाला, शेवटची २० गप्पा आणि पुढचा गेम ठरवायला. संपायची वेळ जाहीर करणं सुरू व्हायच्या वेळेइतकंच महत्त्वाचं, कारण दुसऱ्या दिवशी काम असलेला माणूस संपायची वेळ माहीत असेल तरच नाव देतो.

प्रत्येक सत्राला दोन होस्ट. एक गटाबरोबर खेळतो. दुसरा पहिला अर्धा तास न खेळता लॉबीत थांबतो आणि उशिरा आलेल्यांना आत घेतो. आमच्या मते क्लबातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. होस्ट एकच असला तर तो खेळात गुंततो आणि नवा माणूस रिकाम्या चॅनलमध्ये बसून निघून जातो.

६ जानेवारी: गेमची निवड

यादी करताना पाच प्रश्न विचारले. किती जण एकत्र खेळू शकतात? गेम सगळ्यांकडे असावा लागतो की एकाकडे पुरतो? मध्येच येता-जाता येतं का? साध्या लॅपटॉपवर चालतो का? डाउनलोड किती मोठं?

मध्येच येता-जाता येणं या निकषाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. अमंग असमध्ये ४ ते १५ जण खेळतात, सहा अक्षरांच्या कोडने खोलीत येता येतं आणि उशिरा आलेल्याला फक्त चालू फेरी संपेपर्यंत थांबावं लागतं. चार जणांच्या सहकारी गेममध्ये मात्र पाचवा आला की तो निव्वळ प्रेक्षक. म्हणून चार जणांचे गेम लावायचेच असतील तर समांतर दोन-तीन गट करावे लागतात आणि प्रत्येक गटाला एक जाणता खेळाडू लागतो.

सुरुवातीच्या सत्रांसाठी 'एकाकडे असला तरी पुरे' गटातले गेम निवडले:

- कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स: बॉम्ब एकाच्या पडद्यावर, बाकीच्यांकडे तो निकामी करायचं मॅन्युअल. मॅन्युअल २३ पानी आणि मोफत, गेम विकत घ्यायचा तो फक्त एकाने.
- जॅकबॉक्सचे पार्टी पॅक: एकजण स्क्रीन शेअर करतो, बाकीचे फोनच्या ब्राउझरवरून उत्तरं देतात. स्क्रीन शेअरचं चित्र काही सेकंद मागे असतं, म्हणून सेटिंगमध्ये वाढीव वेळ चालू करायची. नाहीतर लांबच्या सदस्यांना प्रश्न दिसेपर्यंत घड्याळ निम्मं संपलेलं असतं.
- स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर: एकाच सोफ्यावर बसून खेळायचे गेम होस्टच्या मशीनवर चालतात, इतरांना त्याचं चित्र जातं. इथे सगळा भार होस्टच्या अपलोडवर. तो कमी पडला की सगळ्यांचं चित्र एकदमच फाटतं.

पूर्ण मोफत आणि हलक्यापैकी सुपरटक्सकार्ट (२०१९ च्या १.० आवृत्तीपासून इंटरनेटवर खेळता येतो, अँड्रॉइडवरही चालतो) आणि लुआंटी (मायनक्राफ्टसारखं ठोकळ्यांचं जग, २०२४ पर्यंतचं नाव माइनटेस्ट) हे राखीव ठेवले. ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही त्या संध्याकाळी खेळता आलं पाहिजे.

कायमस्वरूपी जग म्हणून मायनक्राफ्टची संगणकावरची, 'जावा' आवृत्ती. शनिवारव्यतिरिक्तही सदस्यांना भेटायला एक जागा हवी, त्यासाठी.

१० जानेवारी, शनिवार: डिस्कॉर्डची मांडणी

डिस्कॉर्ड हे बोलायचं-लिहायचं ॲप, क्लबचा अड्डा तिथेच. मोह चाळीस चॅनल उघडायचा होतो. आम्ही मजकुराची पाच ठेवली: घोषणा, नियम, आजचं सत्र, गप्पा, मदत. व्हॉइसची चार: लॉबी, गट १, गट २, आणि हालचाल नसलेल्यांसाठी एक. रिकामे चॅनल पाहून नव्या माणसाला वाटतं इथे कुणी नाही. गर्दी झाली की नवा चॅनल केव्हाही उघडता येतो.

नव्या सदस्याच्या पडताळणीच्या पातळीत एक अडचण लपलेली आहे. 'हाय' निवडली तर डिस्कॉर्डवरच्या क्लबच्या जागेत (तिलाही सर्व्हरच म्हणतात) येऊन दहा मिनिटं झाल्याशिवाय सदस्याला लिहिता येत नाही. आमची दहा मिनिटांची जोडणी त्यातच संपते! म्हणून 'मीडियम' ठेवली: खातं उघडून पाच मिनिटं झालेली असली की पुरे. शिवाय सदस्याला एखादा रोल (ठरावीक परवानग्यांचा गट) दिला की ही अट त्याला लागत नाही, त्यामुळे दारावरचा होस्ट अडलेल्याला रोल देऊन लगेच मोकळं करू शकतो.

रोलची उतरंड नीट लावली. बॉट (आपोआप कामं करणारा प्रोग्राम) स्वतःच्या रोलपेक्षा वरचा रोल कुणाला देऊ शकत नाही. 'बॉट रोल देत नाही' ही तक्रार आली की परवानग्या उलटसुलट करत बसू नये, यादीत बॉटचा रोल वर ओढावा. सर्वसाधारण रोलकडून सगळ्यांना एकदम हाक मारायची परवानगी काढून घेतली. मॉडरेटरांना दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं केलं. त्यासाठी सर्व्हरच्या सेटिंगमध्येच पर्याय आहे.

सत्राची वेळ घोषणेत आकड्यांत लिहायची नाही. डिस्कॉर्डचा वेळेचा टॅग वापरायचा, म्हणजे वाचणाऱ्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते.

१३ जानेवारी: आवाज

जोडणीवेळ सगळ्यात जास्त खाणारी गोष्ट आवाजच. तपासणीचा क्रम मदत चॅनलमध्ये वर टाचून ठेवला.

प्रतिध्वनी येत असेल तर ज्याला तो ऐकू येतो त्याचा दोष जवळजवळ कधीच नसतो. दुसऱ्या कुणाच्या तरी स्पीकरमधला आवाज त्याच्याच माईकमध्ये शिरत असतो. होस्टने एकेकाला क्षणभर म्यूट करावं. ज्याला म्यूट केल्यावर प्रतिध्वनी थांबतो, त्याला हेडफोन लावायला सांगावं.

बोलण्यासाठी बटण दाबायची सोय 'गेममध्ये गेलो की चालत नाही' असं विंडोजवर वारंवार ऐकू येतं. बहुतेक वेळा गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असतो आणि डिस्कॉर्ड साधं, त्यामुळे बटण दाबल्याचं डिस्कॉर्डपर्यंत पोचतच नाही. गेम साधा चालवावा, ते जमत नसेल तर डिस्कॉर्डही त्याच अधिकाराने. दुसरं कारण, बोलायचं बटण आणि गेममधलं वाकायचं किंवा पळायचं बटण एकच असणं.

फोनवरून आलेल्यांचा आवाज गेम उघडल्यावर तुटत असेल तर डिस्कॉर्डला बॅटरी बचतीतून वगळायचं. आवाजाचा बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) ६४ केबीपीएसवरच ठेवला. ९६ करून बोलणं फारसं सुधारत नाही आणि कमकुवत जोडणीवाल्यांना त्रास मात्र होतो.

१७ जानेवारी, शनिवार: सर्व्हर कुठे ठेवायचा

मायनक्राफ्टचं जग चालवणारा सर्व्हर सदस्याच्या घरच्या मशीनवर की भाड्याच्या? घरच्यासाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार) उघडावं लागतं: मायनक्राफ्ट जावासाठी टीसीपी २५५६५. पोर्ट उघडूनही बाहेरून कुणी येऊ शकत नसेल तर आधी राउटरच्या पानावरचा बाहेरचा आयपी पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर ग्राहक इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहे, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता आहे. घरात कितीही पोर्ट उघडली तरी उपयोग नाही. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा दोन राउटर एकामागे एक लागलेत.

अशा वेळी वाटा तीन. टेलस्केल किंवा झिरोटिअरसारखं खाजगी जाळं: सुरक्षित, पण प्रत्येक सदस्याला ते बसवावं लागतं, म्हणजे जोडणीवेळ वाढला. टनेल सेवा (दुसऱ्याच्या मशीनमार्फत जोडणी): सोपी, पण वाट वाकडी असल्याने पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, वाढतो. भाड्याचा सर्व्हर: पत्ता कायम, मशीन सतत चालू, आणि सदस्यांना फक्त पत्ता टाकायचा. तिसरी निवडली. घरच्या सर्व्हरला आणखी एक तोटा आहे जो बोलला जात नाही: मशीनवाला सदस्य सुट्टीवर गेला की क्लबही सुट्टीवर.

ठिकाण निवडताना सदस्यांची यादी घेऊन बसलो. प्रकाश फायबरमधून १००० किलोमीटर जायला साधारण ५ मिलिसेकंद घेतो, म्हणजे जाऊन-येऊन १०. ही किमान मर्यादा. प्रत्यक्ष वाट सरळ नसते म्हणून जास्तच लागतात. सरासरीपेक्षा सगळ्यात लांबच्या सदस्याचा पिंग पाहावा, कारण बांधकामाच्या खेळात १५० चालून जातात पण लढाईत तोच माणूस आधी मरतो.

२० जानेवारी: मायनक्राफ्ट सर्व्हरची सेटिंग

पेपर (मायनक्राफ्टचा सर्व्हर प्रोग्राम), १.२१ मालिका, तो चालवायला जावा २१. मशीनमध्ये ८ जीबी मेमरी, त्यातली ६ जावाला. किमान आणि कमाल दोन्ही आकडे सारखेच. सगळी ८ जावाला दिली तर ऑपरेटिंग सिस्टमला काही उरत नाही आणि ती गर्दीच्या वेळी सर्व्हरच मारून टाकते. प्रोसेसरचे गाभे किती यापेक्षा एका गाभ्याचा वेग महत्त्वाचा, कारण जगाचं मुख्य चक्र एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच गाभ्यावर, फिरतं.

ते चक्र सेकंदाला २० वेळा फिरायला हवं, म्हणजे प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंद. फेरी त्याहून लांबली की ठोकळा फोडल्यावर परत उगवतो, दार उघडून बंद होतं, आणि सगळे म्हणतात 'नेट खराब आहे'.

दिसण्याचं अंतर आणि हालचालीचं अंतर, दोन्ही मुळात १० चंक (चंक म्हणजे जगाचा १६ गुणिले १६ ठोकळ्यांचा तुकडा). प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक. दिसण्याचं ८ वर आणलं (२८९ चंक) आणि हालचालीचं ५ वर (१२१). खेळाडूला डोंगर लांबून दिसत राहतात, पण प्राणी, पीक, यंत्रं यांचा हिशेब फक्त जवळच्याच भागाचा होतो. सर्वांत कमी त्रासात सर्वांत जास्त फायदा याच एका बदलात.

नवं जग तयार करणं हे सर्व्हरचं सगळ्यात जड काम, आणि पहिल्याच संध्याकाळी सगळे चारी दिशांना धावत सुटतात. म्हणून मध्यापासून ३००० ठोकळ्यांपर्यंतचं जग चंकी या प्लगइनने (सर्व्हरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) आधीच तयार करून घेतलं: ३७५ गुणिले ३७५, सुमारे १ लाख ४० हजार चंक. तेवढ्यावरच सीमा घातली. नेदरमध्ये (गेममधल्या दुसऱ्या, पाताळासारख्या जगात) अंतर एकास आठ, तिथली सीमा ३७५ ठोकळ्यांवर.

व्हाइटलिस्ट (प्रवेश असलेल्यांची यादी) चालू, आणि खात्याची पडताळणी चालूच. पडताळणी बंद केली तर कुणीही कोणत्याही नावाने येतो, अगदी ॲडमिनच्या नावानेसुद्धा. 'मित्राकडे विकत घेतलेलं खातं नाही, तेवढं बंद करा ना' ही विनंती येतेच. नाही म्हणायचं, आणि त्याला लुआंटीच्या सर्व्हरवर बोलवायचं.

फोन आणि कन्सोलवर मायनक्राफ्टची वेगळी, 'बेडरॉक' आवृत्ती असते. फोनवाल्यांना जावा सर्व्हरवर आणायला गीझर आणि फ्लडगेट ही प्लगइन. त्यासाठी यूडीपी (टीसीपीहून वेगळा वाहतुकीचा प्रकार) १९१३२ वेगळं उघडावं लागतं. टीसीपी उघडून 'चालत नाही' म्हणणारे बरेच. फ्लडगेटमधून आलेल्यांच्या नावाआधी टिंब लागतं आणि त्यांना व्हाइटलिस्टमध्ये घालायची आज्ञाही फ्लडगेटची स्वतंत्र. कन्सोलवरच्या बेडरॉकमध्ये बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता थेट टाकायची सोय नाही, हे घोषणेतच लिहिलं, म्हणजे कुणी तासभर शोधत बसणार नाही.

झोपायची टक्केवारी १०० वरून ३० केली. खाणीत उतरलेल्या एकासाठी बाकीच्यांनी रात्रभर पलंगापाशी थांबू नये.

२४ जानेवारी, शनिवार: पहिलं खुलं सत्र, बॉम्ब

कीप टॉकिंगसाठी मॅन्युअलचा दुवा आदल्या दिवशी दिला. सुरुवातीला प्रत्येकाने मुखपृष्ठावरचा पडताळणी क्रमांक २४१ आहे का ते वाचून दाखवलं. नाहीतर नियम वेगळे आणि बॉम्ब कधीच निकामी होत नाही.

एका बॉम्बवर चार जणांपर्यंत ठीक: एक बॉम्बपाशी, तिघं मॅन्युअलवर. मॅन्युअलवाले वाढले की सगळे एकदम बोलतात. सात-आठ आले तर दोन बॉम्ब, दोन चॅनल.

हा गेम पहिल्या भेटीला का उत्तम, ते तारांच्या पहिल्याच मॉड्यूलमध्ये दिसतं. बॉम्बपाशी बसलेला म्हणतो, 'तारा आहेत, निळी, पिवळी, काळी...' मॅन्युअलवाला विचारतो, 'एकूण किती?' 'तीन.' 'लाल आहे का?' 'नाही.' 'दुसरी काप.' तीन तारांत लाल नसेल तर दुसरी कापायची, एवढाच नियम. पण नियम तारांच्या संख्येप्रमाणे विभागलेत, त्यामुळे रंगांआधी संख्या सांगायला हवी हे जोडीला स्वतःहून उमगतं आणि पुढच्या बॉम्बला बोलणं 'तीन तारा, वरून खाली निळी, पिवळी, काळी' असं होतं. एकमेकांना न ओळखणारी माणसं अर्ध्या तासात एकमेकांच्या बोलण्याची लय पकडतात. ओळखीच्या फेरीत 'आपलं नाव सांगा, आवड सांगा' करून हे साधत नाही.

भूमिका दर बॉम्बला बदलायच्या. लाजाळू सदस्याला पहिल्यांदा मॅन्युअल द्यावं, बॉम्ब नको. हातात कागद असला की बोलायला कारण मिळतं.

जोडणीवेळ लक्ष्याच्या आत.

३१ जानेवारी, शनिवार: लॅगची तक्रार कशी वाचायची

'लॅग होतोय' या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात. क्रमाने वेगळे करायचे.

आधी सदस्याने स्वतःच्या राउटरला पिंग लावून दोनेक मिनिटं सोडायचा. तारेने जोडलेला असेल तर आकडा १-२ मिलिसेकंदांवर स्थिर राहायला हवा. तो २, ३, २, १८०, ४, २४० असा उड्या मारत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. गेम सर्व्हर बदलून, सेटिंग कमी करून काही होणार नाही. तार लावावी, निदान ५ गिगाहर्ट्झवर जावं.

राउटर स्थिर, पण सर्व्हरचा पिंग अधूनमधून चढतो? घरात कुणी अपलोड करतंय का पाहावं. फोनमधले फोटो ढगात चढत असले की राउटरच्या रांगेत गेमची छोटी पाकिटं मागे अडकतात. राउटरवर रांग नियंत्रणाची सोय असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधावी.

दोन्ही पिंग स्थिर आणि तरी ठोकळे परत उगवतात, तेही सगळ्यांनाच? मग सर्व्हर. फेरीचा वेळ पाहायचा, ५० च्या वर असेल तर स्पार्कने (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या प्लगइनने) दोन मिनिटांची नोंद घ्यायची. नेहमीचे गुन्हेगार: एकाच खड्ड्यात कोंडलेल्या शेकडो कोंबड्या, सतत चालणारे हॉपर (वस्तू आपोआप सरकवणारी नरसाळी), आणि दाटीवाटीने ठेवलेले गावकरी. प्राण्यांच्या संख्येवर मर्यादा घालताना आधी सांगायचं. कुणाचीही मेहनत न विचारता पुसायची नाही.

चौथा आजार: पिंग उत्तम, सर्व्हर उत्तम, एकाच सदस्याचं चित्र अडखळतं. ते त्याच्या मशीनचं. दिसण्याचं अंतर आणि सावल्या कमी करायच्या.

७ फेब्रुवारी, शनिवार: बॅकअप, आणि परत उभं करणं

चालू जगाची फाइल थेट कॉपी केली तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी भेसळ मिळते. क्रम असा: सेव्ह-ऑफ (आपोआप जतन बंद), मग सेव्ह-ऑल फ्लश (सगळं आत्ताच जतन), कॉपी, शेवटी सेव्ह-ऑन (जतन पुन्हा चालू). शेवटची पायरी कॉपी फसली तरी चालली पाहिजे अशी स्क्रिप्ट लिहिली. नाहीतर सर्व्हर दिवसभर काहीच जतन करत नाही आणि बंद केल्यावरच कळतं. रोजच्या सात प्रती, आठवड्याच्या चार, आणि त्यांतली एक वेगळ्याच ठिकाणी.

न उघडून पाहिलेला बॅकअप मोजायचा नाही. महिन्यातून एकदा ताजी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून २५५६६ पोर्टवर उभी करायची आणि आत जाऊन तीन ठिकाणं पाहायची: मुख्य चौक, नेदरमधलं दार, कुणाचीही एक पेटी.

नासधुशीसाठी कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन. कुणी काय फोडलं, पेटीतून काय नेलं हे ठोकळ्यावर टिचकी मारून दिसतं आणि ठरावीक खेळाडू, वेळ, परिसर देऊन तेवढंच मागे घेता येतं. खेळाडूचं नाव न देता फक्त वेळ दिली की शेजाऱ्याने त्याच वेळात बांधलेली भिंतही जाते. आधी पाहणी, मग पूर्वावलोकन, मग मागे घेणं.

१४ फेब्रुवारी, शनिवार: वाल्हाइम

वाल्हाइम हा मिळून तग धरायचा आणि बांधायचा गेम. एका जगात दहाच जण, यूडीपी २४५६ आणि २४५७. सर्व्हरचा पासवर्ड किमान पाच अक्षरांचा लागतो आणि तो सर्व्हरच्या नावात आलेला चालत नाही. तसं झालं तर सर्व्हर सुरूच होत नाही. कन्सोलवाले असतील तर क्रॉसप्ले (वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळायची सोय) चालू करून जोडणीचा कोड द्यायचा.

पात्र खेळाडूच्या स्वतःच्या मशीनवर जतन होतं, जग सर्व्हरवर. त्यामुळे दुसऱ्या जगातून उत्तम हत्यारं घेऊन कुणीही येऊ शकतो. क्लबच्या जगासाठी सगळ्यांनी नवं पात्र करायचं हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. नंतर सांगितला तर तो कुणा एकावर आरोप वाटतो.

जग मुळात दर तीस मिनिटांनी जतन होतं. सर्व्हर थांबवताना प्रक्रिया मारून टाकू नये. कंट्रोल-सीने थांबवला की तो आधी जतन करतो. हलवताना डीबी आणि एफडब्ल्यूएल, दोन्ही फाइली न्यायच्या.

अपडेटचा नियम इथूनच पडला: सत्राआधीच्या ४८ तासांत सर्व्हरची आवृत्ती बदलायची नाही. जे गेम आपणहून अपडेट होतात त्यांच्यासाठी गुरुवारी आठवण, 'एकदा गेम उघडून बंद करा'. हे एक वाक्य आवाजाच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त वेळ वाचवतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार: चक्कर आणि दिसणं

छोटी नोंद. काही जण अर्ध्या तासात न सांगता निघून जातात, त्यामागे बऱ्याचदा चक्कर असते. मायनक्राफ्टमध्ये चालताना डुलणं बंद, दृष्टिक्षेत्राचे (एफओव्ही, म्हणजे पडद्यावर किती रुंद दिसतं त्याचे) परिणाम शून्यावर, दृष्टिक्षेत्र ८०-९०. सबटायटल सगळ्यांनीच चालू ठेवावीत. संघांचे रंग लाल-हिरवे ठेवायचे नाहीत, निळा-केशरी ठेवायचे.

२८ फेब्रुवारी, शनिवार: स्पर्धेचा आराखडा

रॉकेट लीग (गाड्यांनी खेळायचा फुटबॉल), तीन विरुद्ध तीन. २०२० पासून मोफत आणि सगळ्या यंत्रांवर एकत्र खेळता येतो. आठ संघ.

दोनदा हरल्यावर बाद ही पद्धत लोकप्रिय. आठ संघांना त्यात १४ सामने लागतात, अंतिम सामना पुन्हा खेळावा लागला तर १५. पण दोन संघ दोनच सामने खेळून घरी जातात. त्याऐवजी चार-चारचे दोन गट, गटात प्रत्येकाशी प्रत्येक: सहा-सहा मिळून १२, वर दोन उपांत्य आणि एक अंतिम, एकूण १५. सामने जवळपास तेवढेच, आणि प्रत्येक संघाला किमान तीन खेळायला मिळतात. क्लबसाठी हीच पद्धत योग्य.

गटात एक गेम, उपांत्य आणि अंतिम तीनपैकी दोन. घड्याळ पाच मिनिटांचं असलं तरी गोलनंतरचे खंड, बरोबरी झाल्यास गोल होईपर्यंतचा वाढीव वेळ आणि खोली बदलणं धरून गेमला दहा मिनिटं धरायची. चार खोल्या समांतर, तीन फेऱ्या, म्हणजे गटाचं काम चाळीस मिनिटांत.

बरोबरीचा नियम खेळाआधी लिहून ठेवावा: विजय, मग आपसातला सामना, मग गोलफरक. तिघांत बरोबरी झाली आणि प्रत्येकाने एकेकाला हरवलं असेल तर आपसातला निकाल काही सांगत नाही, तिथे थेट गोलफरक. न आलेल्या संघासाठी दहा मिनिटं थांबायचं, मग राखीव खेळाडू. संघ होस्टने पाडायचे. सदस्यांवर सोडलं की चांगले एकत्र येतात आणि नवे उरतात.

खाजगी खोलीचं नाव, पासवर्ड आणि विभाग प्रत्येक सामन्याला आधीच लिहून द्यावा. विभाग वेगळा निवडला की खोली सापडत नाही आणि सगळे पासवर्डला दोष देतात.

७ मार्च, शनिवार: घड्याळं

उद्या मार्चचा दुसरा रविवार. अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतांश भागात घड्याळ तासभर पुढे जाईल. युरोपात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २९ ला जातं. मधले तीन आठवडे दोघांतलं अंतर एक तासाने कमी. ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ उलट मागे येतं. भारतासारख्या देशांत काहीच बदलत नाही.

क्लबची वेळ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) बांधलेली आहे आणि तशीच राहील. याचा अर्थ काही सदस्यांसाठी सत्र उद्यापासून घड्याळात तासभर उशिरा दिसेल. सूचना आदल्या आठवड्यात एकदा आणि सत्राच्या दिवशी सकाळी एकदा. हे दरवर्षी चार महिन्यांत करायचं, म्हणून मार्च, एप्रिल, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पानांवर खूण करून ठेवली.

१४ मार्च, शनिवार: नियम आणि सुरक्षितता

नियम सहाच. लांबलचक नियमावली कुणी वाचत नाही आणि वाद झाला की तिच्यातल्या फटी मात्र सगळ्यांना सापडतात. शिव्या आणि टोमणे यांत फरक केला: स्वतःच्या हरण्यावर चिडून बोललेलं सोडून द्यायचं, माणसाला उद्देशून बोललेलं नाही.

पायऱ्या: चॅनलमध्ये शांतपणे एकदा सांगणं, मग टाइमआउट (बोलण्या-लिहिण्यावर बंदी, एक मिनिटापासून एका आठवड्यापर्यंत), मग काढून टाकणं. काढायचा निर्णय दोन मॉडरेटरांचा. धमकी, पाठलाग किंवा अल्पवयीनांशी संबंधित काही असेल तर पायऱ्या नाहीत. थेट बाहेर आणि डिस्कॉर्डकडे तक्रार. डिस्कॉर्डची कामकाजाची नोंद ४५ दिवसांनी जाते, म्हणून कारण, तारीख आणि पडद्याचं चित्र वेगळ्या नोंदवहीत ठेवायचं.

डिस्कॉर्डला किमान वय १३ (काही देशांत जास्त). १८ खालच्या सदस्यांशी होस्टने खाजगी संदेशात बोलायचं नाही, जे असेल ते मदत चॅनलमध्ये. हे कडक वाटतं, पण मुलांचं आणि होस्टचं दोघांचंही रक्षण यानेच होतं.

फसवणुकीचे नेहमीचे तीन प्रकार घोषणेत टाकले: 'मोफत नायट्रो' (डिस्कॉर्डची सशुल्क सेवा) असा दुवा, 'मी बनवलेला गेम तपासून दे' म्हणून आलेली फाइल, आणि पडताळणीच्या नावाखाली स्कॅन करायला दिलेला क्यूआर कोड. तिसरा सगळ्यात घातक, कारण तो लॉगिनचा कोड असतो. स्कॅन करून मान्य केलं की खातं समोरच्याच्या हातात. ओळखीच्या सदस्याकडून आला तरी उघडायचा नाही. त्याचं खातं आधीच गेलेलं असू शकतं.

२१ मार्च, शनिवार: स्पर्धा

चार खोल्या, चार नोंदणीकर्ते. निकाल दोन्ही कर्णधारांनी एकाच संदेशाखाली मान्य करायचा, मगच तक्त्यात. तक्ता एकानेच भरायचा. खेळाडू निघून गेला आणि जोडणी तुटली यांत भेद करता येत नाही, म्हणून नियम एकच: पहिल्या मिनिटात कुणी पडला तर गेम पुन्हा, नंतर पडला तर चालू ठेवायचा.

बाद झालेल्या चार संघांसाठी समांतर खोलीत मैत्रीचे सामने लावले. त्यामुळे ते थांबले, आणि अंतिम सामन्याला प्रेक्षकही उरले.

२८ मार्च, शनिवार: हस्तांतर

पुढच्या हंगामाला नवे होस्ट. त्यांना द्यायची यादी: भाड्याच्या सर्व्हरचं खातं (एका व्यक्तीच्या नाही, क्लबच्या मेलवर), डिस्कॉर्डची मालकी कुणाकडे, बॅकअप कुठे आणि शेवटचा कधी उघडून पाहिला, प्लगइनच्या आवृत्त्या, व्हाइटलिस्ट, मॉडरेशनची नोंदवही.

बॉटचं टोकन (त्याचा गुप्त पासवर्ड) होस्ट बदलताना नव्याने काढायचं. ते कोडमध्ये लिहू नये, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावं आणि ती फाइल सार्वजनिक कोडसाठ्यात चढवू नये. उघड्यावर पडलेल्या टोकनने कुणीही बॉटच्या नावाने सगळे चॅनल पुसू शकतो. बॉटकडचा ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकारही काढला. त्याला रोल देणं आणि संदेश लिहिणं एवढंच लागतं.

नव्या होस्टनी पहिली दोन सत्रं दारावर थांबून काढायची, मग खेळाची बाजू घ्यायची. एप्रिलच्या पहिल्या सत्राला सुपरटक्सकार्ट. दुवा, आवृत्ती आणि सर्व्हरचं नाव गुरुवारच्या घोषणेत.